कायोटी आणि काळी रायफल

वायोमिंगमधली जानेवारीची सकाळ. पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर, सेजब्रशच्या करड्या झुडपांवर हिमाचा भुगा. एका उतारावर झुडपाला पाठ टेकून शिकारी बसलेला असतो. त्याच्यापासून तीस-चाळीस पावलांवर, गवतात ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून जखमी सशाच्या किंकाळ्या येत असतात. दहा मिनिटे काहीच हलत नाही. मग समोरच्या ओघळीतून एक राखाडी ठिपका वर येतो, थांबतो, कान टवकारतो आणि सरळ सशाकडे न येता वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालू लागतो. डोळ्यांवर विसंबायच्या आधी त्याला नाकाने खात्री करून घ्यायची असते. शिकाऱ्याच्या हाती जेमतेम अर्धे मिनिट उरते.

हा प्राणी म्हणजे कायोटी, उत्तर अमेरिकेतला आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. नाव आले ते मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ या शब्दावरून. थॉमस से या निसर्गअभ्यासकाने १८२३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो मुख्यतः पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांचा रहिवासी होता. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागोच्या कुक परगण्यात २००० सालापासून स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग ठेवत आहेत. त्यामुळे त्या बाजूला मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना संध्याकाळच्या फेरीत बागेच्या कडेने ‘कोल्हा’ जाताना दिसला, तर तो डोळ्यांचा भास नसतो.

शहरात तो उंदीर, ससे आणि हंसांची अंडी खाऊन राहतो. मेंढ्यांच्या कुरणात गोष्ट वेगळी होते. कोकरे जन्मण्याच्या हंगामात एक जोडी कळपामागे लागली की पशुपालकाची झोप उडते. राखणीचे मोठे पांढरे पिरिनीज कुत्रे, लामा, गाढवे, विजेची कुंपणे असे सारे उपाय करूनही रायफल बाहेर निघते. शिवाय कातडीसाठी, छंदासाठी किंवा हरणांची पिल्ले वाचतील या समजुतीने कायोटी मारणारेही पुष्कळ आहेत. अमेरिकेत या शिकारीला ‘प्रेडेटर हंटिंग’ म्हणतात आणि गेल्या वीसेक वर्षांत तिथले आवडते हत्यार झाली आहे एआर-१५ घराण्यातली अर्धस्वयंचलित रायफल.

ती सहजासहजी स्वीकारली गेली नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे नामवंत शिकार-लेखक जिम झंबो वायोमिंगमध्ये कायोटीच्याच शिकारीला गेले होते. तिथल्या वाटाड्याकडून त्यांना कळले की बरेच शिकारी आता एआर धाटणीच्या रायफली वापरतात. अस्वस्थ होऊन त्यांनी लिहिले की अशा रायफलींना शिकारीत जागा नसावी, त्यांच्यावर रानात बंदी यावी. या रायफलींना त्यांनी दहशतवाद्यांच्या रायफली म्हटले. काही दिवसांतच त्यांचे प्रायोजक गेले, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम गेला, मासिकाशी असलेले नातेही तुटले. झंबोंनी माफी मागितली आणि या रायफलीचे रीतसर धडेही घेतले. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, रेमिंग्टन या जुन्या कंपनीने ‘आर-१५’ नावाची, नखशिखांत झाडीच्या रंगांत रंगवलेली एआर खास कायोटीच्या शिकाऱ्यांसाठी बाजारात आणली. झंबोंची अस्वस्थता मात्र पोकळ नव्हती. याच घराण्यातल्या रायफलींनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये आणि बाजारांत माणसे मारली आहेत, आणि त्या देशातला या रायफलीवरचा वाद आजही तितकाच धगधगता आहे.

एआर ही अक्षरे ‘आर्मालाइट रायफल’ची आहेत. आर्मालाइट ही विमाने बनवणाऱ्या फेअरचाइल्ड कंपनीची शाखा, आणि यूजीन स्टोनर तिथला अभियंता. विमानाच्या कारखान्यात ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक ही रोजची सामग्री होती. पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाची बंदूक त्याने त्या सामग्रीत नव्याने मांडली. १९५९ मध्ये कोल्टने हक्क विकत घेतले. सैन्याची एम-१६ त्यातूनच आली आणि १९६४ मध्ये नागरिकांसाठी एका चापाला एकच गोळी सोडणारी आवृत्तीही निघाली. स्टोनरच्या पेटंटची मुदत १९७७ मध्ये संपली. मग कोणीही तिचे भाग बनवू लागले, आणि एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या रायफलीत बसू लागला. रायफल ‘जुळवून घेण्याची’ हौस इथून सुरू झाली.

तिचे काम थोडक्यात असे. गोळी नळीतून पुढे जात असताना मागचा गरम वायू नळीच्या एका बारीक भोकातून वरच्या पातळ नळीत शिरतो आणि मागे येऊन बोल्टच्या गाड्याला ढकलतो. बोल्ट फिरून सुटतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, दस्त्यातली स्प्रिंग दाबली जाते आणि ती उलटताना पुढचे काडतूस घरात ढकलते. पुन्हा चाप ओढल्याशिवाय पुढची गोळी सुटत नाही. बोल्टचे दाते नळीच्याच पोलादी मागच्या टोकात अडकतात. स्फोटाचा सारा जोर पोलादावर येतो, म्हणून भोवतालची चौकट ॲल्युमिनियमची चालते. रायफलीचे वरचे आणि खालचे असे दोन अर्धे दोन खिट्ट्यांनी जोडलेले असतात. अमेरिकी कायद्याने ‘बंदूक’ म्हणजे खालचा अर्धा; क्रमांक त्याच्यावर असतो, नोंद आणि चौकशी त्याची होते. नळी, काडतुसाचे घर आणि दुर्बीण वरच्या अर्ध्यावर असतात. म्हणून एकाच खालच्या भागावर एक जण हिवाळ्यासाठी लांब नळीचा आणि दाट झाडीसाठी आखूड नळीचा असे दोन वरचे भाग बाळगू शकतो.

बोल्ट हाताने मागेपुढे करायची साधी रायफल कायोटीला पुरेशी नाही का? पुरते, आणि अचूकतेत बहुधा एक पाऊल पुढेच असते. अर्धस्वयंचलिताचा खरा फायदा दोन प्रसंगी दिसतो. जानेवारी-फेब्रुवारी हा कायोटींचा जोडीचा काळ. सशाच्या आवाजाला बरेचदा दोघे मिळून येतात. आणि पहिली गोळी चुकीच्या जागी लागली, तर जखमी जनावर झुडपात शिरण्याआधी दुसरी गोळी द्यायला वेळ फार थोडा असतो. हात बोल्टकडे न नेता, डोळा दुर्बिणीवरून न हलवता ती देता येते. जबाबदार शिकारी या दुसऱ्या कारणाला जास्त मान देतात.

रायफल निवडताना दुकानातल्या फळीपासून सुरुवात केली की गोंधळ होतो. मुरलेले शिकारी उलटीकडून येतात: आधी जनावर, मग रान, मग गोळी, मग ती गोळी पेलणारी नळी, आणि बाकीचे शेवटी. दाट हिवाळी केसांमुळे कायोटी मोठा दिसतो, पण पश्चिमेतला पूर्ण वाढलेला कायोटी साधारण दहा ते चौदा किलोंचा असतो. हृदय आणि फुफ्फुसांची जी जागा गोळीने गाठायची, ती जेमतेम १५ सेंटिमीटरची. वायोमिंगच्या माळावर हे लक्ष्य अडीचशे मीटरवर, बोचऱ्या आडव्या वाऱ्यात असते. दक्षिण टेक्ससच्या मेस्कीटच्या काटेरी रानात ते चाळीस मीटरवर अचानक उगवते. पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात ते मधल्या कुठल्यातरी अंतरावर दोन झाडांच्या फटीत क्षणभर थबकते. तीन रानांना एकच रायफल सारखी शोभणार नाही.

गोळीचा प्रश्न बहुतेकांसाठी ‘.२२३ रेमिंग्टन’ या काडतुसापाशी येऊन थांबतो. १९५० च्या ‘.२२२ रेमिंग्टन’ या अचूक काडतुसाच्या घराण्यातले हे पुढचे अपत्य. गोळीचा व्यास ५.७ मिलिमीटर, वजन बहुतेक वेळा ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. लांब नळीतून वेग सेकंदाला सुमारे ९८० मीटर. धक्का इतका कमी की गोळी लागताना शिकारी दुर्बिणीतून पाहू शकतो. स्वस्त, सगळीकडे मिळणारे, आणि अडीचशे मीटरपर्यंत कायोटीसाठी पुरेसे. ज्याला अजून सपाट मार्ग हवा त्याच्यासाठी रुगर आणि हॉर्नडी यांनी २००४ मध्ये आणलेले ‘.२०४ रुगर’ आहे: गोळी आणखी बारीक, वेग आणखी जास्त. वाऱ्यात जड गोळी हवी असेल तर ‘६.५ ग्रेंडेल’ किंवा २०२० चे ‘६ एमएम एआरसी’ त्याच चौकटीत बसते. ‘.२२-२५०’ हे कायोटी-शिकाऱ्यांचे जुने लाडके काडतूस मात्र लांबीमुळे एआर-१५ मध्ये मावत नाही.

नवशिके हमखास घोटाळा करतात तो सैन्याच्या ५.५६ आणि बाजारातल्या .२२३ मध्ये. दोन्ही काडतुसे बाहेरून जवळपास सारखी दिसतात. फरक असतो तो नळीत, काडतुसाच्या घरापुढे आटे सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेत: ५.५६ च्या नळीत ती लांब असते आणि काडतुसाचा दाबही जास्त असतो. .२२३ साठी कापलेल्या नळीत ५.५६ चे काडतूस टाकले तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. उलट टाकले तर धोका नसतो, फक्त नेमाची बारकाई थोडी उणावते. बिल वाइल्ड या बंदूक-कारागिराने दोघांच्या मधला घाट काढला. ‘.२२३ वाइल्ड’ या नावाने तो आज शिकारी नळ्यांवर कोरलेला दिसतो, आणि दोन्ही काडतुसे सुरक्षित आणि अचूक चालवायची असतील तर तोच घ्यावा.

नळीवर आणखी एक आकडा असतो: एकास सात, एकास आठ, एकास नऊ. हा आट्यांचा पीळ. एकास नऊ म्हणजे गोळी नळीत नऊ इंच पुढे सरकली की स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करते. सेकंदाला ९७५ मीटर वेगाने निघणारी गोळी अशा नळीतून बाहेर पडते तेव्हा मिनिटाला अडीच लाखांहून जास्त फेरे घेत असते. भोवरा जसा गरगरत असेपर्यंत उभा राहतो तशी ही गोळी टोकावर स्थिर राहते. लांब गोळीला जास्त पीळ लागतो, हे वूलिचच्या जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्येच सूत्रात मांडले होते. हवेचाही संबंध येतो. पहिल्या एआर-१५ ला एकास चौदाचा पीळ होता. अतिथंड प्रदेशातल्या चाचण्यांत दाट हवेत गोळ्या डगमगू लागल्या, म्हणून १९६३ मध्ये तो एकास बारा करण्यात आला. वायोमिंगच्या हिवाळ्यात बसणाऱ्याला ही जुनी हकिकत उपयोगी आहे. ५५ ग्रेनसाठी एकास नऊ उत्तम, त्याहून जड गोळ्या हव्या असतील तर एकास आठ. एकास सातमध्ये फार पातळ आवरणाच्या हलक्या गोळ्या फिरण्याच्या ताणाने हवेतच फुटण्याची शक्यता असते.

आवरणाचा मुद्दा फक्त नेमाचा नाही. कायोटीसाठीच्या गोळ्यांचे टोक बहुधा प्लास्टिकचे असते, आत शिसे आणि बाहेर तांब्याचे पातळ कवच. लागताच टोक आत दबते, गोळी छातीतच फुटते आणि बरेचदा दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नाही. जनावर जागीच कोसळते आणि कातडीला एकच लहान भोक पडते. सैनिकी धाटणीची पूर्ण आवरणाची गोळी उलट आरपार जाते. कायोटी तशी जखम घेऊन मैलभर पळू शकतो, आणि खडकाळ जमिनीवर ती गोळी उसळून भलतीकडे जाते. अनेक राज्यांनी शिकारीत तिला मनाई केली आहे, ती योग्यच.

शिशाचे तुकडे मात्र मेलेल्या जनावरात राहतात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातले दुर्मिळ काँडोर गिधाड याच विषाने मरत असल्यामुळे त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. तांब्याची गोळी शिशापेक्षा हलक्या धातूची, म्हणून त्याच वजनाला जास्त लांब असते; लांब गोळीला जास्त पीळ लागतो. एका गिधाडाला वाचवायच्या कायद्याने असा नळीवरचा आकडा बदलायला लावला.

नळीची लांबी ही तडजोड आहे. कायद्याने १६ इंचांहून आखूड नळीची रायफल १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याखाली वेगळ्या नोंदणीत जाते, म्हणून बाजारात सोळापासून सुरुवात होते. जाड, २४ इंची नळी माळावरच्या एकाच जागी बसून प्रेअरी डॉगवर दिवसभर नेम धरणाऱ्याला शोभते. कायोटीचा शिकारी सकाळपासून आठ-दहा ठिकाणी बसतो, प्रत्येक ठिकाणी गाडीपासून अर्धा किलोमीटर चालतो. त्याला १८ इंच आणि मध्यम जाडी पुरे. खरा फरक पडतो तो नळीवरच्या हातपकडीने. साध्या रायफलीत पुढची पकड नळीला टेकलेली असते; पट्टा ताणला किंवा दोनपायी टेकूवर भार दिला की नळीला सूक्ष्म बाक येतो आणि गोळीची जागा सरकते. नळीला कुठेही न टेकणारी, फक्त मागच्या टोकाला अडकवलेली पकड लावली की हा दोष जातो. हौशी माणसाने पहिला पैसा इथे खर्चावा.

दुसरा चापावर. सैनिकी धाटणीचा चाप अडीच ते चार किलोंच्या ओढीला सुटतो, शिवाय खरखरतो. तीन-साडेतीन किलो वजनाच्या रायफलीवर तेवढाच जोर बोटाने लावला तर नेम हलणारच. दोन टप्प्यांचा, दीड-दोन किलोंवर स्वच्छ सुटणारा चाप लावला की सामान्य माणसाचाही नेम सुधारतो. त्याहून हलका करायचा मोह मात्र टाळावा. गोठलेली बोटे, जाड हातमोजे आणि समोर धावत येणारे जनावर, या तिन्हींच्या संगतीत केसाने सुटणारा चाप घातक असतो. बसवताना जाणकाराकडून तपासून घेणे आणि खटका, म्हणजे सेफ्टी, प्रत्येक वेळी अडतो की नाही हे रिकाम्या रायफलीवर पाहणे भाग आहे.

दुर्बिणीच्या बाबतीत नवशिका जास्तीत जास्त मोठे दाखवणारी घेतो आणि फसतो. चोवीस पटीच्या दुर्बिणीत चाळीस मीटरवरचा कायोटी म्हणजे केसांचा एक पट्टा. कुठला भाग दिसतोय तेच कळत नाही. तीन ते नऊ किंवा अडीच ते दहा पट, आणि बसल्या जागी ती सर्वांत कमी पटीवर ठेवलेली, हा जुन्या लोकांचा रिवाज पक्का आहे. जनावर दूर थांबले तर पट वाढवायला वेळ असतो. जवळ आलेले असताना कमी करायला नसतो.

नेम दोनशे यार्डांवर, म्हणजे १८३ मीटरवर बसवला तर ५५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर साडेतीन सेंटिमीटर वर आणि तीनशेवर सुमारे १८ सेंटिमीटर खाली लागते. म्हणजे दोनशेच्या थोडे पुढेपर्यंत काहीही न मोजता छातीच्या मध्यावर धरले की झाले. वारा इतका दयाळू नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तीनशे यार्डांवर याच गोळीला जवळपास फूटभर सरकवतो, आणि लक्ष्य अवघे अर्ध्या फुटाचे. वायोमिंगमध्ये एवढा वारा म्हणजे शांत दिवस समजतात. ज्याला हे गणित ठाऊक आहे तो तीनशेवरची गोळी सोडतच नाही, स्पीकरचा आवाज कमी करून वाट पाहतो. शंभर मीटरवर कागदावर तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात पाच गोळ्या घालणारी रायफल हजारो डॉलर खर्चून आणखी बारीक करता येते; वारा ओळखायची नजर तशी विकत मिळत नाही, त्यासाठी पुष्कळ काडतुसे वेगवेगळ्या दिवशी माळावर जाळावी लागतात.

आवाज हा या शिकारीतला वेगळाच विषय. टेक्ससच्या मार्बल फॉल्स गावातले मरी आणि विन्स्टन हे बर्नहॅम बंधू सशाच्या आवाजाची शिट्टी विकून नाव कमावून बसले; आज रिमोटवर चालणारा स्पीकर तेच काम करतो. पण रायफलीचा स्वतःचा आवाज? एआरचा बोल्ट सोडला की रिकाम्या माळावर टाळी वाजल्यासारखा खणखणतो. भरलेली रायफल गाडीत ठेवायला पुष्कळ राज्यांत बंदी असल्याने काडतूस बसल्या जागीच भरावे लागते. शिकारी मग बोल्ट हाताने धरून हळूच पुढे नेतात आणि उजवीकडचे छोटे बटण अंगठ्याने दाबून तो पूर्ण बंद करतात. सैन्याच्या आग्रहाने बसवलेले हे बटण अनेकांना निरुपयोगी वाटते. कायोटीच्या शिकाऱ्याला नाही.

नळीच्या टोकाला लावायचा ध्वनिशामक हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये पेटंट केला. चित्रपटांत दाखवतात तसा तो फुसकन आवाज करत नाही. .२२३ चा स्फोट १६० डेसिबलच्या पुढे असतो, शामक त्यातून पंचवीस-तीस कमी करतो, आणि आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तसाच राहतो. कान वाचतात, कुत्रा आणि शेजारी कमी दचकतात, आणि जोडीतल्या दुसऱ्या कायोटीला गोळी नेमकी कुठून आली ते चटकन उमगत नाही. १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, नोंदणी मात्र कायम आहे. शामक लावला की वायू अडून मागे येतो, बोल्ट गरजेपेक्षा जोरात उसळतो आणि धूर शिकाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून वायूचे प्रमाण कमी-जास्त करता येणारा ठोकळा नळीवर बसवून घेतात.

बाकी गोष्टी लहान आहेत. थंडीत दाट तेल गोठते, म्हणून पातळ आणि थोडे. गार रायफल उबदार गाडीत आणली की तिच्यावर बाष्प धरते आणि पुन्हा बाहेर नेल्यावर त्याचे बर्फ होते. ती मागे गारच ठेवावी. काळा चकचकीत पृष्ठभाग बर्फात दुरून दिसतो, त्यावर मातकट कापडी पट्टी गुंडाळली तरी भागते. बसून गोळी झाडायला तीनपायी टेकू उत्तम.

कायदे राज्यागणिक बदलतात. पेन्सिल्व्हेनियाने वर्षानुवर्षे शिकारीत अर्धस्वयंचलित रायफल चालू दिली नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या वन्यप्राणी आयोगाने केसाळ प्राण्यांसाठी आणि छोट्या शिकारीसाठी ती मान्य केली, हरणांसाठी मात्र नाही. लोकांची मते मागवली तेव्हा हरणांसाठी ती वापरायला खुद्द शिकाऱ्यांचाच विरोध मोठा होता. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बक्षिसे लावून कायोटी मारण्याच्या स्पर्धा बंद केल्या, २०१९ मध्ये न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनानेही. ढीग रचून फोटो काढण्याचा तो प्रकार बंद झाला हे शिकारीच्या हिताचेच झाले.

आणि इतके करून कायोटी कमी होतात का? कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे मांडलेल्या गणितानुसार, एखाद्या प्रदेशातले ७५ टक्के कायोटी दरवर्षी मारले तरी ते नाहीसे व्हायला पन्नासहून जास्त वर्षे लागतील. मारा वाढला की उरलेल्या माद्यांना खायला जास्त मिळते, पिल्ले जास्त जगतात आणि मोकळ्या जागेत बाहेरून तरुण नर येतात. कोकरांच्या हंगामात कळपाला चटावलेली एक जोडी नेमकी टिपली तर त्या पशुपालकाला त्या वर्षी खरोखर दिलासा मिळतो. राज्यभर सरसकट गोळ्या झाडून मात्र फारसे काही साधत नाही. महाराष्ट्रातल्या माळांवर धनगरांच्या कळपातून कोकरू उचलणारा लांडगा आणि त्याचा धाकटा भाऊ कोल्हा, दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. तिथे रायफलीचा प्रश्नच येत नाही. कुत्रे, जागती रात्र आणि भरपाईचा अर्ज यांवरच भिस्त असते.

अमेरिकेत रात्रीची शिकार हल्ली वेगाने वाढली आहे, कारण उष्णतेवर चालणाऱ्या दुर्बिणी स्वस्त झाल्या. शरीरातून निघणारे आठ ते चौदा मायक्रॉन लांबीचे किरण त्या टिपतात. साधी काच हे किरण अडवते, म्हणून त्यांचे भिंग जर्मेनियमचे असते. पूर्ण अंधारात, झुडपाआडून, पाऊण किलोमीटरवर एक पांढरा ठिपका चमकू लागतो. पण काहीतरी उबदार आहे हे दिसणे आणि ते काय आहे हे ओळखणे यांत शेकडो मीटरांचे अंतर असते. त्या ठिपक्याला रंग नसतो, डोळ्यांची चमक नसते. तो कायोटी असेल, शेजाऱ्याचा कुत्रा असेल, वासरू असेल, ओणवा झालेला माणूसही असेल. मागे घर आहे का हेही नीट कळत नाही, कारण गार भिंत आणि गार टेकडी त्या पडद्यावर सारखीच दिसू शकतात. म्हणून अनुभवी लोक ओळखायचे काम हातातल्या वेगळ्या थर्मल दुर्बिणीने करतात आणि खात्री झाल्यावरच रायफल उचलतात. रायफलीवरच्या दुर्बिणीतून ओळख पटवणे म्हणजे अनोळखी जिवावर भरलेली नळी रोखणे.

उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या पाच परगण्यांत हे फार महागात पडले. जगात रानात उरलेले तांबडे लांडगे फक्त तिथेच आहेत, तेही मोजकेच. तांबडा लांडगा दिसायला मोठ्या कायोटीसारखा, आणि कायोटी समजून मारल्या गेलेल्या लांडग्यांची नोंद वाढत गेली. मे २०१४ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्या पाच परगण्यांत कायोटीची शिकार दिवसा आणि रात्री थांबवली. पुढच्या समझोत्यात दिवसाची शिकार परवान्यासह पुन्हा सुरू झाली, रात्रीची बंदच राहिली. आता तिथले वन्यजीव अधिकारी लांडग्यांच्या गळ्यात भडक नारिंगी, प्रकाश परावर्तित करणारे पट्टे बांधतात, म्हणजे शिकाऱ्याला दुरूनच कळावे. दिवसाउजेडी, साध्या दुर्बिणीतून, ते लगेच डोळ्यांत भरतात. उष्णतेच्या दुर्बिणीत नारिंगी रंग उमटत नाही.